विश्लेषण : घरातल्या छोट्या टाकीत प्रवाळ कसे जगतात? भारतात ते पाळता येतात का?

निळ्या प्रकाशात चमकणारी हिरवी, जांभळी, केशरी ‘फुले’, त्यांतून ये-जा करणारा एखादा क्लाऊनफिश आणि हे सगळे टेबलावर मावेल अशा दीड-दोन फुटी काचेच्या टाकीत. समाजमाध्यमांवर अशा चित्रफिती पाहून ‘आपल्याकडेही असे काही हवे’ असे वाटणाऱ्यांची संख्या वाढते आहे. गोल्डफिश सांभाळले, गप्पी सांभाळले, मग हे का नाही, असा साधा हिशेब त्यामागे असतो. मात्र ही फुले नव्हेत, प्राणी आहेत. ते पाण्यातील मिठाच्या, उष्णतेच्या आणि प्रकाशाच्या किरकोळ बदलानेही मरतात. शिवाय भारतीय कायद्यात यातील बहुतेक प्रवाळांना वाघाच्याच पंक्तीत बसवलेले आहे. हौस करण्यापूर्वी या दोन्ही बाजू नीट समजून घ्यायला हव्यात.

प्रवाळ म्हणजे नेमके काय?

प्रवाळ हा जेलीफिश आणि समुद्रफुलांच्या कुळातला प्राणी. त्याचे एकक म्हणजे पॉलिप. ही एक मऊ, नळीसारखी पिशवी असते. वरच्या टोकाला तोंड आणि भोवती दंश करणाऱ्या शुंडकांचे कडे. असे शेकडो, हजारो पॉलिप एकमेकांना चिकटून वसाहत करतात. त्यांतले टणक प्रवाळ पाण्यातील कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन स्वतःखाली चुनखडीचा सांगाडा बांधत जातात. मऊ प्रवाळ असा सलग सांगाडा बांधत नाहीत. अंगठीत घालतात ते लाल पोवळे हाही प्रवाळच, पण तो भूमध्य समुद्रात अंधाऱ्या, थंड पाण्यात वाढणारा वेगळा प्रकार. घरगुती टाकीशी त्याचा संबंध नाही.

उष्ण समुद्रातल्या प्रवाळांचे खरे गुपित त्यांच्या पेशींमध्ये दडलेले आहे. तिथे सूक्ष्म एकपेशीय शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. अनेक प्रवाळांची बहुतांश ऊर्जेची गरज यातूनच भागते. बदल्यात शैवालाला आसरा आणि प्रवाळाच्या उत्सर्जनातले नायट्रोजन, फॉस्फरस मिळतात. प्रवाळाचा बराचसा रंगही या शैवालामुळेच. पाणी फार तापले किंवा प्रकाश एकाएकी वाढला की ही भागीदारी मोडते. शैवाल बाहेर टाकले जाते आणि पारदर्शक मांसातून पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच विरंजन किंवा ‘ब्लीचिंग’ म्हणतात. विरंजित प्रवाळ लगेच मेलेला नसतो, पण उपाशी असतो. परिस्थिती लवकर सुधारली तर तो सावरतो, नाहीतर नाही. समुद्रात जे घडते तेच, तसेच, टाकीतही घडते.

टाकी लहान, म्हणजे काम सोपे?

हा सर्वात मोठा गैरसमज. शंभर लिटरच्या आतल्या टाकीला शौकिनांच्या भाषेत ‘नॅनो’ म्हणतात. जागा कमी लागते आणि सुरुवातीचा खर्च कमी होतो हे खरे. पण समुद्राचे वैशिष्ट्यच हे की, तिथे काही झटकन बदलत नाही. पाण्याचा साठा जितका कमी, तितके बदल वेगवान.

एक साधे गणित पाहू. टाकीत ५० लिटर पाणी आहे आणि खारेपणा समुद्राइतका, म्हणजे दर हजार भागांत ३५ भाग. पंखा चालू असलेल्या खोलीत रोज एक लिटर पाण्याची वाफ झाली, असे धरू. वाफ होते ती फक्त पाण्याची, मीठ मागेच राहते. चार दिवस गावाला जाऊन आलात तर ४६ लिटर पाणी उरेल आणि खारेपणा ३८ होईल. घाबरून एकदम चार लिटर पाणी ओतले तर तो मिनिटभरात पुन्हा ३५ वर येईल. हा उलटा धक्का पहिल्यापेक्षाही वाईट. पाचशे लिटरच्या टाकीत तेवढेच पाणी उडाले तर फरक जेमतेम जाणवेल. मेलेल्या माशाचेही तसेच. त्यातून सुटणारा अमोनिया दोन्हीकडे सारखाच, पण लहान टाकीत तो दहापट तीव्र.

म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई रोजच्या रोज करायची आणि ती गोड्या, शुद्ध पाण्याने करायची. खाऱ्या पाण्यात खारे पाणी घातले की मीठ साचत जाते. नवख्यांची ही चूक ठरलेली. पातळी मोजून आपोआप पाणी सोडणारे छोटे उपकरण मिळते. दिखाऊ दिव्यापेक्षा आधी ते घ्यावे, हे अनुभवी लोक सांगतात आणि ते अगदी खरे आहे.

समुद्राचेच पाणी आणले तर?

मुंबईकराच्या मनात येणारा हा पहिला प्रश्न. चौपाटी दहा मिनिटांवर असताना पाणी विकत कशाला घ्यायचे? पण शहराजवळच्या किनाऱ्यावरच्या पाण्यात सांडपाणी, गाळ, तेल आणि धातूंचे अंश असतात. पावसाळ्यात नद्या-नाल्यांच्या पाण्याने त्याचा खारेपणाही खाली येतो. त्यामुळे जगभर बहुतेक जण कृत्रिम समुद्रमीठ शुद्ध पाण्यात मिसळून पाणी तयार करतात.

इथे दोन खाचखळगे आहेत. पहिला पाण्याचा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, शिवाय फॉस्फेट, सिलिकेट आणि जुन्या नळांतून आलेले तांबे असू शकते. तांब्याची अगदी थोडी मात्राही प्रवाळ, कोळंबी, गोगलगायींना मारते. घरातले पिण्याच्या पाण्याचे आरओ यंत्र पुरेसे नसते, कारण चवीसाठी त्यात काही क्षार मुद्दाम ठेवले जातात. आरओनंतर आयन काढून टाकणारे आणखी एक गाळण लागते. टीडीएस मीटरवर शून्य दिसेपर्यंत पाणी गाळायचे, हा नियम.

दुसरा खळगा मिठाचा. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही हे अनेकांना ठाऊक असते. पण ‘मग मिठागरातले जाडे मीठ तर समुद्राचेच ना?’ असा प्रश्न येतो. उत्तर नाही असेच आहे, आणि कारण मजेदार आहे. मिठागरात पाणी आटू लागले की आधी चुना आणि जिप्सम तळाशी बसतात, म्हणजे कॅल्शियम तिथेच गळते. मग खायचे मीठ स्फटिकरूपाने उतरते. मॅग्नेशियमचा मोठा भाग शेवटी उरलेल्या कडवट पाण्यात राहतो आणि ते पाणी वेगळे काढले जाते. हातात येते ते प्रामुख्याने सोडियम क्लोराईड. ते पुन्हा पाण्यात विरघळवून समुद्र परत मिळत नाही. प्रवाळाला सांगाड्यासाठी नेमके तेच हवे असते, जे मिठागरात मागे राहिले.

तयार मिश्रण लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम लागते. ते टाकीत थेट टाकायचे नसते. वेगळ्या बादलीत, पंप फिरवत, पूर्ण विरघळवून, रिफ्रॅक्टोमीटरने मोजून आणि टाकीइतक्याच तापमानाला आणून मगच वापरायचे. आठवड्याला दहा टक्के पाणी असे बदलले तर छोट्या टाकीतले निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत. साठ लिटरच्या टाकीला हे सहा लिटर होतात, म्हणजे अर्धी बादलीही नाही. लहान टाकीचा खराखुरा फायदा हाच.

पहिला दीड महिना रिकामी टाकी का ठेवायची?

माशांची विष्ठा, उरलेले अन्न यातून अमोनिया तयार होतो आणि तो विषारी असतो. काही जीवाणू त्याचे नायट्राईट करतात, दुसरे त्या नायट्राईटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. हे जीवाणू दगडांवर, वाळूवर वस्ती करतात आणि ती वस्ती उभी राहायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी टाकीत सोडलेला जीव स्वतःच्याच घाणीत गुदमरतो. अमोनिया आणि नायट्राईट दोन्ही शून्य दाखवू लागले की चक्र बसले. पण प्रवाळांसाठी तेवढ्यावर घाई करू नये. चक्र बसल्यावर तपकिरी थर, मग हिरवे शेवाळ अशा कुरूप अवस्था येतात. त्या वेळी टाकी पाहवत नाही. दुकानाकडे धाव घेऊन निरनिराळ्या बाटल्या ओतण्याचा मोह याच दिवसांत होतो आणि बहुतेक टाक्या याच दिवसांत बिघडतात.

सच्छिद्र दगड हेच इथले खरे गाळणयंत्र, ही कल्पना जुनी आहे. इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी समुद्रातले जिवंत दगड, नैसर्गिक पाणी आणि फक्त हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाकी चालवण्याची पद्धत १९६१ मध्ये मासिकातून मांडली. त्या काळी समुद्री टाकी म्हणजे निर्जंतुक, चकचकीत असा समज होता. नंतर जर्मनीत जिवंत दगड आणि पाण्यात हवा घुसळून फेसाबरोबर घाण काढणारा ‘स्किमर’ यांची जोड बसली आणि टणक प्रवाळ घरात टिकू लागले.

कोणता आकडा खरा महत्त्वाचा?

समुद्री टाकीचा शौकीन भेटला की तो आकड्यांतच बोलतो. तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस, पीएच ८ ते ८.४, कॅल्शियम लिटरमागे ४२० मिलिग्रॅमच्या आसपास, मॅग्नेशियम १,३००च्या आसपास. हे सगळे समुद्राच्या जवळपासचे आकडे. पण रोजच्या व्यवहारात लक्ष ठेवायचे ते अल्कलिनिटीवर, म्हणजे पाण्यातल्या बायकार्बोनेट-कार्बोनेटच्या साठ्यावर.

त्याचे कारण असे. प्रवाळ चुनखडी बांधतात तेव्हा कॅल्शियम आणि कार्बोनेट ठरावीक प्रमाणात वापरतात. कॅल्शियम लिटरमागे २० मिलिग्रॅम कमी झाले, तर अल्कलिनिटी जर्मन कठीणतेच्या मापात २.८ अंशांनी घसरते. कॅल्शियम ४२० वरून ४०० झाले तर कुणाला फारसा फरक पडत नाही. पण अल्कलिनिटी ८ वरून ५.२ झाली तर एक तृतीयांशाहून अधिक साठा संपलेला असतो. अडचण आधी तिथे दिसते. म्हणून टणक प्रवाळ असतील तर आठवड्यातून दोन-तीनदा अल्कलिनिटी मोजायची. मऊ प्रवाळच असतील तर साप्ताहिक पाणीबदलातून गरज बहुधा भागते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे आकडा ‘बरोबर’ असण्यापेक्षा तो स्थिर असावा. समुद्राची अल्कलिनिटी साधारण ७. कोणी ७.५ वर टाकी चालवतो, कोणी ९ वर, आणि दोघांचेही प्रवाळ चांगले वाढतात. मरतात ते सोमवारी ७, बुधवारी १० आणि शनिवारी पुन्हा ७ करणाऱ्याचे. कमी झालेला आकडा एका दिवसात भरून काढायचा नसतो.

नायट्रेट आणि फॉस्फेटबद्दलचा सल्ला गेल्या काही वर्षांत उलटा फिरला आहे. पूर्वी दोन्ही शून्यावर आणा असे सांगत. आता लक्षात आले आहे की, पूर्ण उपाशी पाण्यात प्रवाळ फिकट पडतात आणि डायनोफ्लॅजेलेट नावाचे चिकट, बुडबुडेदार तपकिरी जीव टाकीचा ताबा घेतात. थोडे नायट्रेट, किंचित फॉस्फेट हवेच.

तो निळा प्रकाश कशासाठी?

पाण्यात खोल जाताना लाल प्रकाश आधी शोषला जातो, निळा सर्वात खोलवर पोहोचतो. प्रवाळांतले शैवाल निळ्या प्रकाशाचा उत्तम वापर करते. शिवाय प्रवाळांतील काही प्रथिने निळा प्रकाश शोषून हिरवा, केशरी प्रकाश बाहेर टाकतात. चित्रफितींतली झगमग त्यातून येते. साध्या पांढऱ्या दिव्याखाली तोच प्रवाळ मळकट तपकिरी दिसतो आणि विकत घेणाऱ्याचा हिरमोड होतो.

दिव्याची ताकद डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडावर ठरत नाही. वनस्पतींना वापरता येणारा किती प्रकाश पोहोचतो, याचे ‘पार’ हे माप असते. मऊ प्रवाळांना ५० ते १०० पुरते. मोठ्या पॉलिपच्या टणक प्रवाळांना त्याहून थोडा जास्त लागतो, तर फांदीदार अ‍ॅक्रोपोरासारख्यांना दोनशे-तीनशेच्या घरात. दिवसाला आठ ते दहा तास पुष्कळ झाले. नवा एलईडी आणला की तो पहिल्याच दिवशी शंभर टक्क्यांवर लावायचा नाही. निम्म्याहून कमी ताकदीवर सुरू करून काही आठवड्यांत वाढवायचा. कमी प्रकाशात प्रवाळ हळूहळू तपकिरी होतो आणि आपल्याला वेळ देतो. जास्त प्रकाशात तो दोन-तीन दिवसांत पांढरा पडतो.

प्रकाशाइतकाच प्रवाहही लागतो, कारण प्रवाळ जागचा हलत नाही. अन्न आणणे, घाण वाहून नेणे, प्राणवायू पुरवणे हे सगळे पाण्याने करायचे. मात्र एकाच दिशेने सतत येणारी धार मांस सोलून काढते. लाटेसारखा, दिशा बदलता प्रवाह हवा.

मे महिन्यात आणि वीज गेल्यावर काय?

आपल्याकडच्या हवामानात कस लागतो तो इथे. युरोप-अमेरिकेतील पुस्तकांत हीटरवर पानेच्या पाने असतात. मुंबई, नागपूर, रत्नागिरीत प्रश्न उलटा. खोली ३३ अंशांवर, त्यात दिवा आणि पंपांची उष्णता. पाणी तिशी ओलांडते आणि तिथेच राहते. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला तर बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंशांनी उतरू शकते. पुण्यात किंवा विदर्भात, कोरड्या हवेत ही युक्ती छान चालते. मुंबईच्या दमट हवेत तिचा परिणाम कमी, आणि वाफेमुळे भरपाईचे पाणी मात्र वाढते. मग उरतो चिलर किंवा दिवसरात्र एसी. दोन्हींचे वीजबिल टाकी घेण्यापूर्वीच मांडून पाहावे.

वीज गेली की दिवा बंद पडतो, याची चिंता नको. दोन दिवस अंधार प्रवाळ सहन करतात. धोका असतो तो पंप थांबण्याचा. पाणी स्थिर झाले की प्राणवायू घटतो, कोमट पाण्यात तर आणखी वेगाने, आणि काही तासांत मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. कोकणात पावसाळ्यात रात्ररात्र वीज नसते. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप किंवा इन्व्हर्टरवर एक वेव्हमेकर, एवढे तरी हवेच.

आवडले म्हणून सगळे एकत्र ठेवावेत का?

प्रवाळ शांत दिसतात, पण जागेसाठी निर्दय असतात. काही जाती रात्री लांबलचक शुंडके बाहेर काढून शेजाऱ्याला दंश करतात. दिवसा दोघांत चार बोटे अंतर दिसते आणि सकाळी एकाची कड जळालेली असते. मऊ, चामड्यासारखे प्रवाळ हात न लावता लढतात. ते पाण्यात रसायने सोडून दुसऱ्याची वाढ खुंटवतात. म्हणून छोट्या टाकीत सगळ्या जातींचे प्रदर्शन मांडण्यापेक्षा दोन-तीन सोशिक प्रकार निवडणे शहाणपणाचे. मशरूम प्रवाळ, टोडस्टूल लेदर, झोअँथिड हे जगभर नवशिक्यांना सुचवले जातात. क्सेनिया आणि हिरवा ‘स्टार पॉलिप’ही सोपे, इतके, की काही महिन्यांनी ते काढून टाकायचे कसे हाच प्रश्न होतो.

यातल्या झोअँथिडबद्दल मात्र स्वतंत्रपणे सांगायला हवे.

टाकीतल्या प्रवाळापासून माणसाला धोका असतो?

असतो, आणि गंभीर. झोअँथिड आणि विशेषतः पॅलिथोआ या गटातल्या काही प्रकारांत पॅलिटॉक्सिन हे विष असते. ज्ञात असलेल्या सर्वात जहाल नैसर्गिक विषांत त्याची गणना होते. हवाईतील जातींपासून शास्त्रज्ञांनी ते १९७१ मध्ये वेगळे केले. त्यावर उतारा नाही, उपचार लक्षणांवर होतात.

विष हाताच्या जखमेतून, डोळ्यांतून आणि वाफेतून शरीरात जाते. नको असलेले पॉलिप मारण्यासाठी दगड उकळणे, त्यावर गरम पाणी ओतणे किंवा कोरड्या ब्रशने खरवडणे यामुळे घरेच्या घरे आजारी पडल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. २०१८ मध्ये इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायरमध्ये एका घरात टाकी साफ करताना हे विष हवेत पसरले. कुटुंबीयांसह मदतीला गेलेल्या अग्निशमन जवानांनाही रुग्णालयात न्यावे लागले. ताप, थंडी, खोकला, श्वास घेताना त्रास अशी लक्षणे असल्याने ते फ्लू समजून सोडून दिले जाण्याची शक्यता असते. हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, दगड कधीही न उकळणे आणि मुलांना टाकीत हात घालू न देणे, हे नियम अपवादाशिवाय पाळायचे. डॉक्टरकडे जावे लागले तर ‘घरी समुद्री टाकी आहे’ हे आधी सांगायचे.

भारतात प्रवाळ पाळणे कायदेशीर आहे का?

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये प्रवाळांचा समावेश झाला. त्यात चुनखडीचा सांगाडा बांधणारे सर्व टणक प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे येतात. हीच ती अनुसूची, जिच्यात वाघ आणि हत्ती आहेत. ‘सर्व प्रजाती’ असा शब्दप्रयोग असल्याने ‘हा आपल्याकडचा नाही, इंडोनेशियाचा आहे’ हा दुकानदाराचा युक्तिवाद पुरेसा ठरत नाही. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद आहे. २०२२च्या दुरुस्तीनंतर किमान दंड २५ हजार रुपये आहे. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली.

दुसरा पदर आंतरराष्ट्रीय आहे. धोक्यातील प्रजातींच्या व्यापाराचे नियमन करणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात सर्व टणक प्रवाळ आहेत. सीमा ओलांडताना निर्यातदार देशाचा परवाना लागतो. ज्याला ‘लाइव्ह रॉक’ म्हणतात तो दगडही मुळात मृत प्रवाळच असल्याने त्यालाही ही अट लागू होते. भारताने २०२२च्या दुरुस्तीने साइट्समधील प्रजातींसाठी स्वतंत्र चौथी अनुसूची केली. अशा जिवंत प्राण्यांची नोंदणी ‘परिवेश’ संकेतस्थळावर करण्याचे नियम २०२४ मध्ये आले.

मशरूम, लेदर, झोअँथिड हे मऊ प्रकार टणक प्रवाळांच्या नोंदीत बसत नाहीत. म्हणजे ते कुठूनही उचलता येतात असे नाही. १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यासारख्या क्षेत्रातून काहीही काढता येत नाही, आणि परदेशातून जिवंत जलचर आणायचे तर आयात परवानगी व विलगीकरणाची प्रक्रिया आहे. दुकानाची पावती म्हणजे परवाना नव्हे. ऑनलाइन गटांतून ‘कुरिअरने घरपोच’ येणाऱ्या तुकड्यांचे मूळ विचारले की बहुतेक विक्रेते गप्प होतात. जातीचे शास्त्रीय नाव आणि कागद मिळत नसतील तर घेऊ नये, आणि शंका असेल तर वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे विचारणा करावी.

हा नियम मेलेल्या प्रवाळालाही लागू आहे, हे पर्यटकांना माहीत नसते. किनाऱ्यावरच्या स्टॉलवर शोभेसाठी विकली जाणारी पांढरी ‘फुले’ हा टणक प्रवाळांचा सांगाडाच असतो. अंदमानहून तो आणणे कायद्यात बसत नाही आणि मालदीवमधूनही प्रवाळ बाहेर नेण्यास बंदी आहे. विमानतळावर सामानात तो सापडला तर ‘वाळूत पडलेला उचलला’ हे उत्तर चालत नाही.

मग इतर देशांत हे प्रवाळ येतात कुठून?

अमेरिका, युरोप, सिंगापूर, ऑस्ट्रेलियात हा छंद उघडपणे चालतो. तिथे स्थायिक झालेल्या मराठी घरांतही अशा टाक्या असू शकतात आणि त्यांच्यासाठी नियम तिथल्या देशाचे. प्रवाळांचा मोठा पुरवठा इंडोनेशियातून होतो. त्या देशाने २०१८ मध्ये निर्यात थांबवली आणि नंतर ती संवर्धित प्रवाळांसाठी पुन्हा सुरू केली. दरम्यानच्या काळात शौकिनांनी घरचे तुकडे एकमेकांना देणे वाढवले. प्रवाळाची फांदी तोडून सिमेंटच्या छोट्या चकतीवर चिकटवली की तो तिथे वाढू लागतो, गुलाबाच्या फांदीसारखेच. एका वसाहतीतून वर्षानुवर्षे तुकडे निघतात आणि समुद्राला हात लावावा लागत नाही. ‘समुद्रातून तोडलेला नको, टाकीत वाढलेलाच द्या’ हा आग्रह ग्राहकाने धरला तर बाजार बदलतो, हे तिथे दिसले आहे.

या छंदातून विज्ञानालाही काही मिळाले का? होय, आणि ते किरकोळ नाही. फ्लोरिडातील मोट सागरी प्रयोगशाळेत डेव्हिड वॉन टाकीतला प्रवाळ हलवत असताना त्याचा तुकडा मोडला आणि काही पॉलिप तळाला चिकटून राहिले. ते मरतील असे वाटले होते, पण काही आठवड्यांत ते झपाट्याने पसरलेले दिसले. अगदी लहान तुकडे केले की काही प्रवाळ नेहमीपेक्षा कितीतरी पट वेगाने वाढतात, हे त्यातून पुढे आले आणि प्रवाळ पुनर्स्थापनेचे ते एक मुख्य तंत्र झाले. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जेमी क्रॅग्ज यांच्या चमूने टाकीवर कृत्रिम चंद्रप्रकाश, ऋतूंप्रमाणे बदलते तापमान आणि सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा हुबेहूब आणून प्रवाळांना बंदिस्त जागेत, ठरल्या वेळी बीजांडे सोडायला लावले. त्यांच्याच सहकार्याने २०१९ मध्ये फ्लोरिडा अ‍ॅक्वेरियमने अटलांटिकमधील दुर्मीळ खांबप्रवाळाचे प्रजनन प्रयोगशाळेत घडवले.

हे तातडीचे का, ते आकड्यांवरून कळते. एप्रिल २०२४ मध्ये जगातील चौथी जागतिक विरंजन घटना जाहीर झाली. जानेवारी २०२३ ते मार्च २०२५ या काळात जगातल्या ८४ टक्के प्रवाळक्षेत्राला विरंजन होईल इतकी उष्णता सोसावी लागली. समुद्राच्या तळाचा एक टक्काही नसलेल्या या भागावर सागरी जीवजातींपैकी सुमारे पाव जाती अवलंबून आहेत.

महाराष्ट्रात प्रवाळ पाहायचे तर कुठे?

आहेत, आणि समजतो त्याहून जवळ आहेत. विजयदुर्गपासून समुद्रात सुमारे शंभर किलोमीटरवर पाण्याखालचे पठार आहे, कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. तिथे समृद्ध प्रवाळ आहेत. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात स्नॉर्केलिंग करताना ते दिसतात. तळावर पाय ठेवायचा नाही आणि होडीवाल्याला प्रवाळावर नांगर टाकू द्यायचा नाही, एवढे पाळले तरी बरेच. मुंबईत सागरी किनारा मार्गाच्या कामात वरळी आणि हाजी अली येथे टणक प्रवाळांच्या १८ वसाहती आढळल्या. त्या पहिल्या अनुसूचीत असल्याने परवानगी घेऊन, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली २०२० मध्ये त्या दुसरीकडे हलवाव्या लागल्या.

झोअँथिड पाहण्यासाठी तर टाकीही नको आणि होडीही नको. मोठ्या ओहोटीला हाजी अली किंवा ब्रीच कँडीच्या खडकांवर त्यांचे हिरवट-तपकिरी गालिचे उघडे पडतात. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’सारखे उपक्रम अशा वेळी किनारफेऱ्या आयोजित करतात. भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाणी सर्वात कमी असण्याची वेळ पाहायची, त्याआधी तासभर पोहोचायचे आणि तळाला पकड असलेली चप्पल घालायची, कारण खडक निसरडे असतात. पाण्याबाहेर राहिलेले पॉलिप मिटून गोळीएवढे झालेले असतात. खळग्यात थोडे पाणी साचलेले असेल तर त्याच्याशी उकिडवे बसून, सावली न पाडता दोन-चार मिनिटे थांबावे, ते एकेक करून उमलतात. हात मात्र लावायचा नाही.